देशी मासे कामाला लागले

४ फेब्रुवारी

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर पाकिटावर पाहून दचकू नका. कुणी आजारी नाही, आणि मला कुणी मुलगीही दिलेली नाही. ऑफिसच्या कामासाठी लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही माझं वाक्य अर्ध्यात तोडता आणि उरलेलं स्वतःच पूर्ण करता. शिवाय साहेबांना उत्तर कागदावर हवंय.

तर झालंय असं. तुमच्या तळ्यातल्या त्या परदेशी शिंपल्यांचा फोटो परवा पेपरात आला. बोटीच्या बुडाला चिकटून आलेले पाहुणे आता तळ्याच्या तळाशी अंथरूण घालून पडलेत, शहराला पाणी देणाऱ्या पाइपातही शिरलेत, आणि पाणीखातं झोपा काढतंय, असं खाली छापलं होतं. आता पाणीखात्याचा प्रसिद्धी अधिकारी मी. खात्याला झोप लागली तर ती चिंतनाची मुद्रा आहे असं लोकांना पटवणं हे माझं काम. साहेबांनी फोटो पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "आपले देशी मासे खातात का हे शिंपले?" खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणाला तरी आठवलं, की माझी वहिनी त्याच तळ्यावरच्या मत्स्यकेंद्रात दिवसभर माशांची पोटं फाडते.

तेव्हा वहिनी, एका ओळीत सांगा. खातात की नाही? हो किंवा नाही. तुमची ती आलेखांची गोधडी नको.

दादा कसा आहे? पंपघरातून कधी घरी येतो का, की तिथंच पंपाशेजारी झोपतो?

तुमचा,
लाडका (आणि एकुलता) दीर

■

११ फेब्रुवारी

भावोजी, अनेक आशीर्वाद.

तुमच्या साहेबांना तळ्यात मासे असतात हे माहीत आहे, हे वाचून बरं वाटलं. मागच्या खेपेला ते इथं आले तेव्हा त्यांनी मला बदकांची डॉक्टर समजून हात मिळवला होता.

एका ओळीत उत्तर द्यायला मी ज्योतिषी नाही. चार ओळी वाचायचे कष्ट घ्या.

आपल्या तळ्यात जाडओठ्या म्हणून मासा आहे. तुम्ही लहानपणी गळाने पकडून सोडून द्यायचात तोच. त्याच्या घशात चपटे दात असतात, जात्याच्या दगडांसारखे. मोठा जाडओठ्या त्यांनी शिंपला फोडतो आणि गिळतो. त्याच्या पोटात मला चुरा सापडतो, हे खरं. पण तो नखाएवढे कोवळे शिंपले खातो. जून झालेल्या शिंपल्याकडे तो ढुंकून बघत नाही. लहान जाडओठ्याला तर काहीच फुटत नाही. बाकीचे दोन-तीन जातींचे मासे शेवाळाबरोबर चुकून एखादा गिळतात, आणि तो शिंपला दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा बाहेर पडतो. कधी कधी जिवंत. प्रवास घडल्यासारखा.

आणि शिंपल्यांची वीण अशी आहे, की माशांनी दिवसभर खाल्लेलं संध्याकाळपर्यंत भरून निघतं. तुम्ही चहाबरोबर बिस्किटं खाता, म्हणून बिस्किटांचा कारखाना बंद पडलाय का? 'खाणं' आणि 'संपवणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. तुमच्या खात्यात बहुतेक एकच चालत असेल, ते मला माहीत आहे.

पाइप साफ ठेवायचा तर पाणबुडे उतरवून खरवडून घेणं, याला पर्याय नाही. दरवर्षी वसंतात ते येतात. यंदाही वेळेवर पाठवा, एवढंच साहेबांच्या कानावर घाला. पाइपाचं तोंड आत्ताच इतकं अरुंद झालंय, की पंप दम लागल्यासारखा वाजतो. तुमचे दादा रात्रंदिवस त्या आवाजाकडे कान लावून असतात. माझ्या आवाजाकडे इतकं लक्ष दिलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता.

तुमची,
वहिनी

■

२ मार्च

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार.

सोबत पत्रक पाठवतोय. ताजं आहे, शाई बोटांना लागेल. मथळा माझा आहे: 'देशी मासे कामाला लागले'.

चित्रातला जाडओठ्या छाती काढून उभा आहे. माशाला छाती नसते हे मी चित्रकाराला सांगितलं, तर तो म्हणाला, मग अभिमान कुठे दाखवू? तोंडातला शिंपला जरा नारळाएवढा झालाय, पण लांबून दिसायला हवा ना.

रागवाल म्हणून आधीच सांगतो, मी खोटं काहीही लिहिलेलं नाही. 'देशी मासे हे शिंपले खातात, असे तज्ज्ञांच्या अभ्यासात आढळले आहे.' आढळलं की नाही? तुमच्याच पत्रात आहे. बाकीचं जागेअभावी गाळलं. बिस्किटांचं वाक्य मला फार आवडलं होतं, पण साहेब म्हणाले त्याने गोंधळ होईल.

साहेब इतके खूश आहेत की मला त्यांच्या गाडीतून घरी सोडलं. शाळांमधून जाडओठ्यावर घोषवाक्यांची स्पर्धा लावलीय. पेपरवाले गप्प झाले. एका संपादकाने तर अग्रलेख लिहिला, की जे काम आपल्या मातीतला, म्हणजे पाण्यातला, साधा मासा करतो त्यासाठी आपण उगाच बाहेर उपाय शोधतो. वाचताना मलाच भरून आलं.

हो, एक राहिलं. यंदा पाणबुडे येणार नाहीत. मासे काम करत असताना त्यांना त्रास देणं बरं नाही, असं साहेबांचं मत पडलं. खर्चही वाचतो. दादाला आदेश मिळेलच.

तुमचा,
यशस्वी दीर

■

९ मार्च

भावोजी,

आशीर्वाद सध्या शिल्लक नाहीत.

आदेश मिळाला. तुमच्या दादांनी तो पंपघरात उभ्यानेच वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पंपाला तेल घालायला गेले. बोलले काहीच नाहीत. तुमच्या घराण्यात बोलायचं सगळं काम तुमच्याकडे आलेलं दिसतं.

मी तुम्हाला शिंपल्याएवढं 'हो' दिलं, तुम्ही त्याचा नारळ केलात. चित्रकाराला कशाला दोष देता?

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्या खात्यातल्या कुणालाच सुचली नाही म्हणून. पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी आहे. तुम्ही लहान असताना तिच्यावर उभे राहून पाण्यात उड्या मारायचात, आणि सासूबाई काठावरून ओरडायच्या. त्या जाळीच्या फटीतून बोट कसंबसं जातं. ती कशासाठी आहे? मासे आत जाऊ नयेत म्हणून. शिंपल्याचं पिल्लू डोळ्यांनाही दिसत नाही. ते पाण्याबरोबर आत जातं, पाइपाला चिकटतं, तिथंच मोठं होतं, तिथंच पोरंबाळं काढतं. शिंपले जाळीच्या आत आणि तुमचे शूरवीर बाहेर. जाडओठ्याने कितीही छाती काढली तरी त्याला बाहेरूनच आशीर्वाद द्यावे लागणार.

तेव्हा साहेबांना म्हणावं, अर्धवट कशाला सोडता? जाळीच काढून टाका. माशांना आत जायला वाट मोकळी करून द्या. दारावर पाटी लावा, 'प्रवेश फक्त देशी माशांना'. पुढे पंप आहेच त्यांच्या स्वागताला. ही माझी शिफारस समजा, मत्स्यतज्ज्ञ म्हणून, सही-शिक्क्यासकट.

चेष्टा पुरे. भावोजी, पाणबुडे पाठवा. तुमचे दादा रात्री झोपेतून उठून बसतात.

वहिनी

■

२८ मार्च

ती. वहिनींस, सा. न.

गडबडीत आहे, म्हणून थोडक्यात. तुमचं पत्र पोचलं. साहेबांनाही तुमचं पत्र, म्हणजे त्यातला काही भाग, दाखवला. त्यांना तुमची सूचना फार पटली. जाळीच्या बाबतीत काही हालचाल व्हायची शक्यता आहे. फार मनावर घेऊ नका, असल्या हालचाली खात्यात होतच असतात आणि आपोआप थांबतात.

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या दारात जाडओठ्याचा प्लास्टरचा पुतळा बसवणार आहेत. तुम्ही पाहुण्या म्हणून यायचंय. साहेबांनी स्वतः नाव सुचवलं. दादालाही आणा. त्याचा तो काळा कोट अजून आहे ना?

पाणबुड्यांचं मी विचारलं होतं. योग्य वेळ पाहून पुन्हा विचारतो.

तुमचा,
दीर

■

१६ एप्रिल

भावोजी,

तुम्हाला पुतळ्याच्या गडबडीत कुणी कळवलं नसेल, म्हणून कळवते. तुमचे दादा इस्पितळात आहेत. उजव्या हाताची दोन बोटं गेली. जिवाला धोका नाही.

आता क्रमाने सांगते, म्हणजे पत्रकात काही गाळायचं झालं तर सोपं जाईल.

जाळी काढण्याचा आदेश आला. त्यात लिहिलं होतं, 'मत्स्यतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार'. तुमच्या दादांनी तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "ही तू?" मी हसले. मला वाटलं तेच चेष्टा करताहेत. मग शिक्का दिसला.

त्यांनी लेखी हरकत पाठवली. हरकत नोंदवून घेतली आहे, आदेशाची अंमलबजावणी करावी, असं उत्तर आलं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही हात लावू नका, दुसऱ्या कुणाला करू दे. ते म्हणाले, दुसऱ्याला बोल्टसुद्धा कुठले ते ठाऊक नाही, तो पाइपच फोडेल. जाळी त्यांनी स्वतः उतरवली, तेल लावून पंपघरात भिंतीशी उभी केली.

पुढे जे झालं ते तुमच्या मथळ्याप्रमाणेच झालं. मासे कामाला लागले. जाडओठ्यांना आतल्या कोवळ्या शिंपल्यांचा सुगावा लागला आणि ते थव्याने पाइपात शिरले. पंपाने ते ओढून घेतले. शहरात नळाला आधी खवले आले, मग लालसर पाणी, मग काहीच नाही. पंपाचं चाक मासे आणि शिंपल्यांनी घट्ट आवळलं होतं. तुमच्या दादांनी वीज बंद केली, झाकण उघडलं आणि हाताने उपसायला लागले. शहर कोरडं पडलं होतं, फोनवर फोन येत होते, आणि खात्यातून कुणीतरी दर फोनला एकच विचारत होतं, किती वेळ लागेल. अडकलेला गोळा एकदम सुटला, टेकडीवरच्या टाकीचं पाणी पाइपातून उलटं आलं आणि चाक अर्धा फेरा फिरलं. अर्धाच.

मी तेव्हा केंद्रात होते. त्यांचा मदतनीस मला बोलवायला धावत आला, तेव्हा माझ्या हातात कात्री आणि समोर मासाच होता.

तुमच्या माहितीसाठी, पंपातून निघालेले जाडओठे मी नंतर तपासले. जे धड उरले होते ते. सगळ्यांची पोटं शिंपल्यांनी भरलेली होती. तुमचं पत्रक बिनचूक होतं, भावोजी. अभिनंदन.

एकच विचारते, आणि याचं उत्तर मात्र एका ओळीत द्या. मी ते चेष्टेने लिहिलंय, हे तुम्हाला कळलं नव्हतं? की कळलं होतं?

वहिनी

■

२१ मे

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार.

कळलं होतं.

उत्तर द्यायला महिना लावला, कारण ते आधी दुसरीकडे द्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर धीर होत नव्हता. मी इस्पितळात आलो होतो. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. दादा जागा होता. मी दारात उभा राहिलो, त्याने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे कूस वळवली. मी परत फिरलो. जिन्यात तुम्ही समोरून येताना दिसलात, तर मी एका खांबाआड झालो. प्रसिद्धी अधिकाऱ्याने लपायला खांब शोधावा, हेही व्हायचं होतं.

चौकशी समिती बसली. लांब टेबल, पलीकडे तीन सभासद, आणि प्रत्येकापुढे विकतच्या पाण्याची बाटली, कारण इमारतीतल्या नळाला अजून माशाचा वास येत होता. जाळी कुणाच्या सांगण्यावरून काढली, असं विचारल्यावर साहेबांनी फायलीतून तुमच्या पत्राचं पान काढून पुढे सरकवलं. तुमची शिफारस हिरव्या शाईने अधोरेखित होती. 'चेष्टा पुरे' हे शब्द पुढच्या पानावर गेले होते आणि पुढचं पान फायलीत नव्हतं. ते साहेबांकडे मीच दिलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी ते दोनदा वाचलं. त्या म्हणाल्या, यात पाटी लावायचंही लिहिलंय, ती लावली का? साहेब म्हणाले, पाटीचं काम चालू आहे. मग बाईंनी विचारलं, हे गंभीरपणे लिहिलंय असं तुम्हाला वाटलं? साहेब शांतपणे म्हणाले, "शास्त्रज्ञ चेष्टा करत नाहीत."

वहिनी, तुमची नोकरी त्या क्षणाला गेल्यातच जमा होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली. मी आजवर त्या मानेच्या इशाऱ्यावर भाषणं लिहिली आहेत. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ती चेष्टा होती. मला वाचल्याबरोबर समजली, मी मोठ्याने हसलो होतो. तरी साहेबांना ते एकच पान दिलं, कारण त्या दिवशी ते पत्रकावर खूश होते आणि मला ते तसेच राहायला हवे होते. बोटं माझ्या भावाची गेली आहेत."

एका सभासदाने बाटलीचं झाकण लावलं.

निकाल ऐका. साहेबांना वरच्या कचेरीत बढती मिळाली, तिथं पाण्याशी संबंध येत नाही. जाळी परत बसवायचा आणि पाणबुडे उतरवायचा आदेश निघाला. तुमच्यावर कारवाई नाही, पण समितीने एक सूचना केलीय: 'यापुढे कार्यालयीन अथवा खासगी पत्रव्यवहारातील विनोद तसा स्पष्टपणे नमूद करावा.' मला प्रसिद्धीतून काढून तळमजल्यावर तक्रारींच्या खिडकीत बसवलंय. लोक बाटलीत भरून पाणी आणतात आणि माझ्या नाकाशी धरतात. मी वास घेतो आणि 'हो, येतो' म्हणतो. एवढंच काम. माझ्या हयातीत पहिल्यांदाच मी दिवसभर एकच वाक्य बोलतो आणि ते खरं असतं.

पुतळा तयार होऊन पडला आहे. उद्घाटन कुणी करायचं यावर अडलंय.

दादाला काय सांगू ते मला सुचत नाही. तुम्ही हे पत्र त्याला वाचून दाखवलंत तर बरं. नाही दाखवलंत तरी मी समजून घेईन.

तुमचा दीर

■

८ जून

भावोजी, आशीर्वाद. थोडे, पण खरे.

पाणबुडे येऊन गेले. पाइपातून निघालेले शिंपले काठावर टाकले, त्याचा ढीग आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीइतका उंच झाला. त्यांचा मुकादम म्हणाला, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाइपातून धागासुद्धा ओवता आला नसता. काठालगत जाडओठे अजूनही कोवळे शिंपले फोडत असतात. केंद्राच्या ओट्यावर बसलं तर खालच्या उथळ पाण्यात कडकड ऐकू येते. बिचाऱ्यांना आपण कुणाची अब्रू वाचवतोय याचा पत्ता नाही.

माशांवरचा माझा शोधनिबंध मी पुरा केला. 'देशी मासे परदेशी शिंपले खातात, परंतु' अशी सुरुवात आहे. तो 'परंतु' पहिल्याच ओळीत घातलाय, म्हणजे कापायला अवघड जाईल.

त्या पत्राचा विचार मीही पुष्कळ केला. थट्टा करणाऱ्याला वाटतं, समोरचा हसेल. समोरच्याच्या हातात शिक्का असला तर तो हसत नाही, सही करतो. हे मला या वयात कळलं. तुमच्यावरचा राग यामुळे कमी होत नाही, एवढं लक्षात ठेवा. पण तुम्ही उभे राहिला नसतात, तर आज मी घरी बसून यांचा हात आणि स्वतःची कीर्ती दोन्ही शेकत बसले असते.

हे आता डाव्या हाताने जेवतात, डाव्या हाताने कळा दाबतात. सदऱ्याची गुंडी मला लावू देत नाहीत. वेळ लागतो, मी दुसरीकडे बघते. पंपघरात नवा माणूस नेमायचं चाललं होतं, तर म्हणाले, मला ऐकू येतं तोवर मीच बसणार, पंप काही बोटांनी ऐकायचा नसतो.

तुमचं नाव ते दोन महिने घेत नव्हते. पेपरात पाणीखात्याचं काही आलं की पान उलटायचे. तुमचं पत्र आलं ते मी आधी एकटीने वाचलं. दोन दिवस डब्याखाली ठेवलं. मग काल संध्याकाळी पंपघरात त्यांना वाचून दाखवलं. खांबापासून बाटलीपर्यंत सगळं. एक शब्द गाळला नाही.

ते ऐकत होते की पंप ऐकत होते, कळायला मार्ग नव्हता. समितीच्या सूचनेपाशी ओठ जरा हलल्यासारखा वाटला. मी पत्राची घडी केली आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी मागून हाक मारली.

"त्याला लिही, सुट्टी काढून ये म्हणावं," ते म्हणाले. "पण येताना काही छापून आणू नकोस."

तुमची,
वहिनी